पायाळूचा पाय

माझ्या भावाची नात पुण्याला शिकते. सुट्टीला घरी आली की माझ्याच खोलीत तळ ठोकते, कारण बाकीच्या घरात तिच्या डब्याला जागा नाही. डब्यात मेणबत्त्या, जाडं मीठ, वाळलेली पानं, रंगीबेरंगी खडे. दार लोटून घेते, फरशीवर खडूनं गोल आखते, चार दिशांना काय काय मांडते आणि मधोमध बसून डोळे मिटते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं, कॉलेजचा काही अभ्यास असेल. विचारलं, तर छाती फुगवून म्हणाली, "आत्याआजी, मी विक्का पाळते. मी विच आहे."

"म्हणजे काय? मराठीत सांग की."

"म्हणजे चेटकीण. पण तसली नाही गं, चांगली."

घ्या! आमच्या वेळी हा शब्द दुसऱ्यानं लावला की बाईचं घर सुटायचं, आणि ही पोर कौतुकानं स्वतःला लावून घेतेय. मला हसूही आलं आणि रागही आला. राग तिचा नव्हता, बिचारीला काय माहीत.

मग तिनं मला सगळं समजावून सांगितलं. गोल म्हणजे कवच. मेणबत्तीचा रंग कामाप्रमाणं. चंद्र वाढता असताना मागायचं, उतरता असताना नको ते टाकायचं. पण खरी ताकद त्या वस्तूंत नसते म्हणे, ती करणाऱ्याच्या हेतूत असते. हेतू शुद्ध पाहिजे. कुणाचं वाईट चिंतायचं नाही, कारण आपण जे सोडतो ते तिपटीनं आपल्याकडे परत येतं. हे सांगताना तिचा चेहरा इतका भाबडा झाला की तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि एक चापट पण मारावीशी वाटली.

"तुला येतं का असलं काही?" तिनं विचारलं. "जुन्या बायकांना येतं म्हणतात."

मला येत नव्हतं. शिकायचा प्रश्नच नव्हता, ते माझ्या अंगाबरोबरच आलं होतं. मी पायाळू.

पायाळू म्हणजे आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेलं मूल. माझ्या आईला माझ्या वेळी मरण दिसलं होतं, असं ती सांगायची. जगलो दोघी, म्हणून मग माझ्या पायाला किंमत आली. आमच्याकडे म्हणतात, पायाळू माणसाचा पाय पाठीवरून फिरला की उसण उतरते. उसण म्हणजे ओझं उचलताना कंबरेत अशी कळ भरते की माणूस अर्धा वाकलेला तसाच राहतो, ना वर होता येतं, ना बसता येतं. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात. आभाळ गडगडलं की आई मला ज्वारीच्या कणगीमागं नेऊन बसवायची आणि वर पोतं टाकायची. म्हणजे गावाला माझा पाय हवा आणि विजेला आख्खी मी.

वडील कुर्डुवाडीला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. लोखंड उचलणारी माणसं, त्यामुळं उसणीला तोटा नव्हता. मी पोरगी होते तेव्हापासून दारात माणसं यायची. आईनं मला नियम घालून दिले होते आणि ते ती इतक्या वेळा घोकून घ्यायची की मला शाळेतले पाढे चुकायचे पण हे नाही. पाय डावा, धुतलेला. वेळ दिवेलागणीच्या आधीची. उसण भरलेल्यानं उंबऱ्याकडं डोकं करून पालथं निजायचं. पाय कंबरेपासून मानेकडं फिरवायचा, शेवटी टाचेनं हलका धक्का द्यायचा. दोघांनीही तोंडातून शब्द काढायचा नाही. बदल्यात काही घ्यायचं नाही. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. पोटुशी बाईला पाय लावायचा नाही. आणि उसणवाल्यानं उठून सरळ चालू पडायचं, मागं वळून बघायचं नाही. बघितलं की उसण परत पाठीत येऊन बसते.

हे सगळं मी नातीला सांगितलं तेव्हा ती टुणकन उठून बसली. "अगं, हे तर प्रॉपर रिच्युअल आहे!" म्हणाली. मी म्हटलं, असेल बाई. आम्ही त्याला पाय लावणं म्हणायचो.

लग्न होऊन सोलापुरात आले तेव्हा दुष्काळ नुकता सरला होता. रेशनवर अजून तांबडी मिलो, ती परदेशी ज्वारी, मिळायची. तिची भाकरी थापताना चिरायची आणि सासू नळावर जाऊन सांगायची, आमच्या धाकटीला भाकरी येत न्हाय. गिरणीमागची चाळ, दोन खोल्या. त्यात सासू, थोरले दीर, जाऊबाई, माझा नवरा आणि मी. दोघं भाऊ गिरणीत कामाला, एकाची पाळी सुटायची तेव्हा दुसऱ्याची लागायची. भोंगा झाला की चाळ हलायची.

नवरा माणूस वाईट नव्हता. हे मी आजही म्हणते आणि माझ्या भावजयीचं डोकं फिरतं. घरात आईसमोर माझ्याशी बोलायचा नाही, तशी रीतच नव्हती. पण पाळीला निघाला की नळाच्या कोपऱ्यावर एकदा वळून बघायचा. मी दाराच्या फळीआड उभी असायची, त्याला माहीत होतं. हसायचा वगैरे नाही. नुसतं बघायचा आणि वळणापलीकडं जायचा. मला दिवसभर तेवढं पुरायचं. आत्ताच्या पोरींना हे सांगितलं तर त्या मला वेड्यात काढतील, काढू देत.

मी पायाळू आहे हे वडिलांनी लग्नाआधीच सांगितलं होतं. सासू काही बोलली नव्हती. पण एकदा शेजारचा विणकर मागाचा बीम उचलताना वाकला तो वाकलाच. तेलुगू बोलणारी माणसं ती, बायको दिवसभर दारात बसून विड्या वळायची. तिनं त्याला भिंतीच्या आधारानं आमच्या दारात आणला, कारण सासूच नळावर बोलून बसली होती, "आमची सून पायाळू हाय की."

मी डोक्यावरून पदर ओढून उभी. परका पुरुष, वयानं मोठा, आणि मी नवी सून, त्याला पाय लावायचा. मी सासूकडं बघितलं.

"बगतीस काय? लाव की," सासू म्हणाली.

लावला. बनियनखाली त्याची पाठ फळीसारखी ताठ होती. पाय फिरवत गेले तशी ती हळूहळू सैल पडत गेली, हे मला तळव्याला कळलं. टाच दिली, तो उठला आणि एक शब्द न बोलता, मागं न बघता आपल्या दारात गेला. त्याच्या बायकोनं मात्र जाताना वळून मला हात जोडले. नियम तिला नव्हता, ज्याची उसण त्याला होता.

झालं! चाळीत बोभाटा झाला. मग गिरणीतली माणसं यायला लागली, पलीकडच्या गल्लीतले हमाल यायला लागले. मी त्यांची तोंडं कधी बघितली नाहीत, पदर होता ना. पण पाठी ओळखायला लागले. ही गिरणीतल्या साच्यावर, मशीनवर, उभं राहणाऱ्याची, ही पोती वाहणाऱ्याची, ही पिणाऱ्याची. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? दिवसभर त्या घरात मला कुणी विचारत नव्हतं की बाई तू जेवलीस का. आणि संध्याकाळी दांडगे बाप्ये माझ्या पायाशी पालथे पडायचे.

बदल्यात मी काही घेत नव्हते. सासू घेत होती. पैसा नाही हो, पैशाला कोण विचारतो? सोलापुरात पाण्याला किंमत. आमची घागर नळाखाली सगळ्यांच्या आधी लागायला लागली. रांगेतल्या बायका आपणहून बाजूला सरायच्या, "लावा मावशी, तुमी लावा," आणि सासू तोऱ्यात घागर लावायची. त्या दिवसांत मी तिच्या तोंडून "आमची धाकटी" हे किती गोड ऐकलं आहे!

जाऊबाईला ते खुपायचं. ती माझ्याआधी कितीतरी वर्षं त्या घरात राबत होती, तिला कुणी असं मिरवलं नव्हतं. "कानामागून आली आणि तिखट झाली," असं मला ऐकू जाईल इतक्या बेतानं म्हणायची. मी मनावर घेत नव्हते. तिला मूल नव्हतं, त्यावरून सासू तिला टाकून बोलायची. कुणीतरी कुणावर तरी काढणारच.

मग तिला दिवस गेले. घरात सणच आला. सासूनं तिला पाटावरून उठू दिलं नाही. पोट पुढं आलं तशी तिची कंबर धरायला लागली, सगळ्याच बायकांची धरते. पण एके दिवशी सकाळी ती चुलीपुढून उठलीच नाही. "उसण भरली," म्हणाली.

सासू मला म्हणाली, "पाय धू."

मी म्हटलं, "आत्याबाई, पोटुशीला पाय लावायचा नसतो. आईनं सांगितलंय."

"आक्क्या गल्लीला लावतीस. घरच्या माणसाला न्हाय म्हणतीस व्हय?"

"तसं नाही, नियम आहे."

"तुजा नेम तुज्या आईच्या घरी!"

जाऊबाई नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी पाय लावला नाही. गरम पाण्यानं तिची कंबर शेकून दिली, तेल चोळून दिलं, दोन दिवसांनी ती हिंडायला लागली. पण घरात एक गोष्ट बसली ती बसलीच. हिला मूल नाही म्हणून हिनं मुद्दाम पाय लावला नाही, असं बोललं जायला लागलं. मला येऊन तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती.

तेवढ्यात सासूच्या मनात दुसरंच शिरलं. त्या बाहेरच्या खोलीत आम्ही सगळ्या बायका ओळीनं निजायचो. खोली केवढी, बिछाने केवढे! एकीचा हात दुसरीवर पडायचा. सासूनं माझं अंथरूण दाराकडं सरकवलं आणि पाय बाहेरच्या बाजूला करून निजायला लावलं. "झोपेत पाय लागला मंजी?" म्हणाली. म्हणजे आधी पाय लाव म्हणून भांडली, आता पाय लागू नये म्हणून. मी निजायची ती पाय पोटाशी घेऊन. कुशीवर वळताना जाग यायची.

जाऊबाईचे दिवस भरले. दुपारची वेळ. गल्लीतली सुईण आली, आतल्या खोलीत गेली. गिरणीला सुट्टी, म्हणून दोघं भाऊ घरीच होते. दीर दाराबाहेर विडी ओढत बसले होते, मी चुलीवर पाणी तापवत होते. बराच वेळ गेला. मग सुईण बाहेर आली आणि सासूला म्हणाली, "पाय लागतोय हाताला. पायाळू हाय. माज्याच्यानं व्हायचं न्हाय, टांगा आना, दवाखान्यात न्या."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पाणी उकळत होतं आणि मला ते उतरवायचं सुचेना.

सासू जवळ आली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाली, "लावलास न्हवं पाय? निजल्यावर लावलास." मी शपथ घेतली. आईची घेतली, देवीची घेतली. ती म्हणाली, "जाणून न्हाय लावला, पन लागला असंल की." झोपेतल्या पायाची शपथ कशी घेणार? मला स्वतःलाच क्षणभर वाटून गेलं की लागला असेल. इतकी वर्षं ज्याला त्याला सांगत आले, या पायात काहीतरी आहे म्हणून. आता कोणत्या तोंडानं म्हणू, की काही नाही?

टांगा आला. दीरानंच पळत जाऊन आणला होता. जाऊबाईला उचलायचं म्हणून सुईण पुढं झाली, तर सासू दारात आडवी उभी राहिली. "आधी हिला न्या," म्हणाली. "ही हितं हाय तवर बाळ फिरायचं न्हाय. हिला गावाभाईर काडा, बाळ आपसुक डोक्याकडनं येतंय बगा. मग दवाखान्याचीबी गरज न्हाय."

सुईण म्हणाली, "आवो, येळ न्हाय."

"जातूय कुटं येळ? स्टेशन हितंच हाय की," सासू म्हणाली.

आणि दीरानं मान हलवली. नवऱ्यानं माझी ट्रंक उचलली.

मी हे कितीदा सांगितलं असेल कुणास ठाऊक, पण प्रत्येक वेळी इथं आले की माझं डोकं सणकतं. अरे, एकच टांगा होता दाराशी! आत बाई अडली होती आणि तिच्यासाठी आणलेल्या टांग्यात त्यांनी मला बसवलं, का तर पायाळूची सावली घरावरून हटावी. चाळीतल्या बायका दारादारांत उभ्या होत्या. ज्यांच्या नवऱ्यांच्या पाठी मी मोकळ्या केल्या त्याच. एक बाई बोलली नाही. विणकराची बायको तेवढी विड्यांचं सूप खाली ठेवून टांग्याजवळ आली आणि सासूला तेलुगूत काहीतरी ताडताड बोलली. तिचं कोण ऐकतो?

स्टेशनात नवऱ्यानं तिकीट काढून हातात दिलं. टांगा बाहेर थांबवला होता, त्याला परत जायचं होतं.

"चार दिवसांनी न्यायला येतो," तो म्हणाला.

"मी नाही लावला पाय," मी म्हटलं.

"व्हय गं," म्हणाला आणि पळत टांग्याकडं गेला. चढताना वळून बघितलं त्यानं. मी ते धरून बसले.

बाळ गेलं. सोलापुरावरून वर्कशॉपात येणाऱ्या एका माणसानं वडिलांना बातमी सांगितली. टांगा परत गेला, मग सगळे बाळ फिरायची वाट बघत बसले, मग केव्हातरी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायचं. बाई वाचली. आणि गल्लीत काय बोललं जातं तर धाकटीनं बाळ खाल्लं. चेटकीण आहे म्हणे. पांढऱ्या पायाची. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

पुढं मी कुर्डुवाडीच्या एका प्रसूतिगृहात आया म्हणून लागले आणि तिथंच म्हातारी झाले. पायाळू मुलं किती बघितली! वेळेवर आणली तर जगतात, रडतात, दूध पितात. माझ्या पायाची गरज त्यांना पडत नाही. पण हे नंतरचं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं, की चार दिवसांनी न्यायला येतो असं तो म्हणाला आहे.

चार दिवस गेले. महिना गेला. दिवाळी आली आणि गेली. सोलापूरकडनं येणाऱ्या गाडीची शिट्टी झाली की मी केसांवरून फणी फिरवायची. आई बघायची आणि परत भाकरी थापायला लागायची. वडील एकदा सोलापूरला जाऊन आले. येऊन चपला काढता काढता म्हणाले, "पाळीतनं सवड न्हाय म्हनतात." वडिलांना खोटं बोलता यायचं नाही, ते दुसऱ्याचं खोटं तसंच आणून द्यायचे. शेजारणी विचारायच्या, अजून हितंच व्हय गं? मी म्हणायची, येणार आहेत. मला तिथं जायचं होतं. त्या चाळीत, त्या सासूकडं, त्या चिरणाऱ्या भाकरीकडं. लाज वाटते सांगायला, पण दुसरं घर मला कुठं होतं? माहेर हे लग्न झालेल्या बाईचं घर नसतं, असंच आम्हाला शिकवलेलं.

इथपर्यंत नात ऐकत होती. म्हणाली, "तू त्यांना शाप द्यायला हवा होतास."

"तिपटीनं परत आला असता ना?" मी म्हटलं.

तिनं हातातला खडा डब्यात टाकला. मी म्हटलं, आता पुढचं ऐक, आणि तुझा तो हेतू इथं कुठं बसतो ते तूच सांग.

चैत्रातली गोष्ट. उन्हं कलली होती, मी अंगणात गहू निवडत बसले होते. समोरून नवरा येताना दिसला. खांद्याला धरून सासू चालत होती. सुपातले गहू सांडले. मी आत पळाले. आईला म्हटलं, आले! न्यायला आले! आईनं हात तसेच पिठाचे घेऊन मला धरलं, माझ्या दोन्ही गालांना पीठ लागलं. वडील पायांत चपला सरकवून मागच्या दारानं पेढे आणायला गेले. आईनं शिऱ्यासाठी रवा काढला. मी ट्रंक ओढली, जरीची साडी वर काढली, दोरीवरचे कपडे गोळा करून कोंबले. बाहेर आईनं त्यांना पाणी दिल्याचं ऐकू येत होतं. मला वाटत होतं, उशीर केला तर ते तसेच परत जातील.

साडी बदलून बाहेर आले. नवरा भिंतीला टेकून उभा होता, जमिनीकडं बघत. सासू खांब धरून अर्धी वाकलेली. मी वाकून पाया पडायला गेले, तर ती कण्हत म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं. उंबऱ्याकडं डोकं करू न्हवं?"

मला कळलं नाही. खरंच कळलं नाही. तिनं हळूहळू गुडघे टेकले, मग हात टेकले आणि आमच्या उंबऱ्याकडं डोकं करून पालथी निजली. तेव्हा कळलं.

आत शिऱ्याचा वास सुटला होता.

आई दारात येऊन उभी राहिली. तिनं सगळं बघितलं, माझी साडी बघितली. ती सासूला काही बोलेल असं मला वाटलं. पण ती नियमाची बाई, दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही. तिनं तांब्या उचलला आणि माझ्या डाव्या पायावर पाणी घातलं. माझ्याकडं न बघता घातलं.

मी पाय ठेवला. आणि ऐक बाई, मी त्या पाठीवर काय काय चिंतलं ते तुझ्या मेणबत्त्या ऐकून विझतील. मोडू दे मणका, मी म्हटलं. सडू दे. या बाईला परत कधी ताठ उभं राहता येऊ नये. जेवढं म्हणून विष माझ्या अंगात साठलं होतं, त्या सगळ्या महिन्यांचं, त्या टांग्याचं, ते मी तळव्यातून तिच्या पाठीत सोडत गेले. इतक्या मनापासून मी आयुष्यात देवाचं नावसुद्धा घेतलं नसेल. आणि माझ्या पायाखाली ती पाठ हळूहळू सैल पडत गेली. पहिल्या दिवशी विणकराची पडली होती तशीच. मी टाच दिली. सासू उठली आणि ताठ उभी राहिली.

सांग आता. कुठं गेला हेतू? माझ्यात नव्हतंच काही, कधीच नव्हतं. जे होतं ते त्या पालथ्या पडणाऱ्यांच्या मनात होतं. बरं वाटतंय म्हटलं की बरं, बाळ खाल्लं म्हटलं की खाल्लं. मी मधल्यामधे पाय पुढं करणारी. मला एवढंच समजलं आहे जादूचं, तू पुस्तकात वाचून जास्त समजून घे.

सासू बोलली नाही. उसणवाल्यानं बोलायचं नसतंच. मी त्यांच्या चाळीला शिकवलेला नियम तिच्याइतका सोयीचा कुणाला झाला नसेल. पदर सारखा केला, अंगणातून गेली, रस्त्याला लागली, एकदा म्हणून मागं बघितलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. नवऱ्यासाठी दुसरी बायको बघायला त्यांनी आधीच सुरुवात केली होती, ते मला मागाहून कळलं.

नवरा राहिला मागं. त्यानं मान वर करून माझ्याकडं बघितलं, जरीच्या साडीकडं बघितलं, आतल्या ट्रंकेकडं बघितलं. त्याला बोलायला बंदी नव्हती.

"येतो," म्हणाला आणि स्वतःच्या आईच्या मागनं चालायला लागला.

आमच्या अंगणातून रेल्वेच्या गेटापर्यंतचा सगळा रस्ता दिसायचा. मी खांबाला धरून उभी राहिले. गेटाशी वळण होतं. मला वाटलं, तिथं बघेल. तिथं तो नेहमीसारखा थोडा हळू झाला, निदान मला तसं दिसलं. मग त्याची पाठ वळणाआड गेली.

वडील पेढ्यांची पुडी घेऊन आले आणि अंगणातच थांबले. आई माझ्याजवळ आली. पदरानं माझ्या गालावरचं पीठ पुसत म्हणाली, "नेमच हाय की गं तसा. बरोबर आलेल्यानंबी वळून बगायचं नसतं."

हा नियम आईनं मला आधी कधीच सांगितला नव्हता.